ताईच्या ठशातला तीळ

माझी थोरली बहीण आठवडाभर दवाखान्यात केसपेपर काढते आणि सुट्टीच्या दिवशी आमचं घर कोरते. लिनोलियमचा तुकडा घ्यायचा, छिन्नीनं रेघा कोरायच्या, उरलेल्या उंच भागावर शाई फिरवायची, कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासायचं. बाबांची इस्त्री, जिन्याखालची सायकल, आईचं शिलाई मशीन, सगळं त्या कागदांवर उमटलंय. लोक कौतुक करतात. मी जळते, खोटं कशाला बोलू? घर दोघींचं आणि कोरणार एकटी ताई!

त्यात वाचनालयानं तिचं प्रदर्शन ठरवलं. सगळ्यात मोठ्या चित्राचा पहिला कच्चा ठसा दोरीवर वाळत होता. आई वेणी घालतेय, पुढ्यात एक मुलगी. आणि मुलीच्या उजव्या गालावर तीळ! लहानपणी आम्ही दोघी हुबेहूब सारख्या दिसायचो. फरक एवढाच, की तिचा तीळ उजव्या गालावर, माझा डाव्या. आईच्या पुढ्यातली जागा माझी, शेंडेफळाची. तीसुद्धा हिनं लाटली? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खिडकीही बाईसाहेबांनी भलत्याच बाजूला काढली होती.

ताई चहा करायला उठली, तशी मी छिन्नी उचलली आणि लिनोलियमवरचा तो तीळ खरवडून टाकला.

ती कप घेऊन आली आणि दारातच थबकली. "हे काय केलंस?"

"आईच्या पुढ्यात मी बसायचे. तू नाही."

ताईनं कप खाली ठेवले. "अगं वेडे, ठसा उलटा उमटतो. कोरायच्या नादात मी तेच विसरले. तीळ डाव्या गालावरच कोरला होता. तुझाच होता तो."

"मग तू कुठेयस यात?"

"मी दारात उभी असायचे. माझी वेणी मीच घालायचे ना. तिथून दिसायचं तसं कोरलं." कप माझ्याकडे सरकवत म्हणाली, "फार हेवा वाटायचा गं तुझा."

मला मान वर करवेना. "आता आईच्या मागे तरी काढ ना स्वतःला."

"आईमागची जागा पूर्ण कोरून टाकलीय. एकदा कोरून काढलेलं परत भरता येत नाही."

चित्र बिनतिळाचंच प्रदर्शनात लागलं. ग्रंथपालबाईंनी ते जवळ जाऊन निरखलं. "आईपुढे बसलीय ती तुमच्यातली कोण?"

"ताई," मी म्हणाले.

ताई माझ्याकडे बघत राहिली, पण तिनं मला खोटं पाडलं नाही.