दोरीमागचा हात

आमच्या गावात बाईच्या डोक्याकडं बघून ती कुठल्या बाजूची ते कळायचं. केसांची टोकं आत वळलेली असली तर ती विनीकडं जाणारी, बाहेर वळलेली असली तर एथेलकडं. चॅपेलात मागच्या बाकावर बसलं की सगळी फाळणी डोळ्यांसमोर दिसायची. विनी बॅराक्लफचं दुकान टेकडीच्या पायथ्याला, गिरणीच्या भिंतीला लागून. एथेलचं त्याच रस्त्यावर वर, चढ संपतो तिथं. दोघी सख्ख्या बहिणी, आणि एकोणीस वर्षं त्यांच्यात एक शब्द नव्हता.

विनी थोरली. लग्न केलं नाही. खांदे कोळसेवाल्यासारखे, बोलणं त्याहून राकट. पण बोटं ओल्या केसांत शिरली की बाईचे डोळे आपोआप मिटायचे. मी दर गुरुवारी दहा वाजता तिच्या खुर्चीत बसायचे. नऊची वेळ माझ्या आईची होती. आई वारली तेव्हा ती वेळ फेदरबाईंना मिळाली, आणि त्यासाठी त्या सहा वर्षं थांबल्या होत्या. विनीकडं वेळ अशीच मिळायची, कुणीतरी गेल्यावर.

आमच्याकडं भावाबहिणीचं नाव नुसतं घेत नाहीत. 'आमचा जॉर्ज', 'आमची एथेल', असंच म्हणायचं. नुसतं नाव घेतलं की ते परक्याचं. विनी तर नावही घ्यायची नाही. 'वरची' म्हणायची. त्यांची आई, बॅराक्लफम्हातारी, वारली तेव्हा दोघी खड्ड्याच्या दोन टोकांना उभ्या राहिल्या, आणि आम्हीही आपापल्या टोकांप्रमाणं त्यांच्यामागं. पाऊस तिरका येत होता. कुणी कुणाला छत्री दिली नाही.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. त्रेसष्ट साली समुद्रकाठच्या नाचाच्या हॉलात उत्तरेकडच्या सगळ्या केस करणाऱ्यांची स्पर्धा होती. तेव्हा दोघींचं दुकान एकच. विनी केस करणार आणि एथेल तिच्यापुढं बसणार. त्यासाठी वर्षभर एथेलच्या केसांना दुसऱ्या कुणाची कात्री लागली नव्हती. आम्ही बस भरून गेलो होतो.

नियम कडक. घंटा झाली की कंगवा खाली. केस करणाऱ्यानं मागं सरायचं, दोरीपलीकडं उभं राहायचं, हात पाठीमागं. बसलेलीनं आरशाकडं तोंड करून मूर्तीसारखं बसायचं. परीक्षक फिरून जाईपर्यंत कुणी डोक्याला हात लावला की तो गडी बाद.

एथेलच्या डोक्याला मागं उजवीकडं जास्तीचा एक भोवरा होता. तिथली बट कशालाही जुमानायची नाही. घंटा झाली, विनी दोरीमागं गेली, परीक्षक चार खुर्च्यांच्या अंतरावर आले, आणि ती बट हळूच उभी राहिली. एथेलचा उजवा हात वर गेला आणि त्यानं ती दाबली. आम्ही सगळ्यांनी बघितलं. परीक्षकांनीही.

विनी तिथंच, सगळ्यांसमोर म्हणाली, "पाच मिनिटं हात मांडीवर ठेवता आला न्हाई व्हय गं तुला?"

एथेलनं हात पुन्हा मांडीवर ठेवला. पुढच्या महिन्यात तिनं क्लिफर्डशी लग्न केलं आणि वर स्वतःचं दुकान टाकलं.

ब्याऐंशीच्या फेब्रुवारीत एथेलला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटलं. वरचं दुकान बंद झालं तशा तिच्या बायका एकेक करून चोरासारख्या उतारावरून खाली येऊ लागल्या. विनी त्यांना काही बोलायची नाही. रोलर लावायची आणि टोकं आत वळवायची.

एका गुरुवारी त्यांच्यातली एक म्हणाली, "एथेलच्या डोक्याला सहा आठवडं हात न्हाई कुणाचा. क्लिफर्डनं परवा कापलं. सैपाकघरातल्या कात्रीनं."

माझ्या डोक्यातला रोलर विनीच्या हातात तसाच राहिला.

"कुठली कात्री?" तिनं विचारलं.

"मासळी साफ करत्यात ती."

सोमवारी दुकान बंद असतं. सकाळीच ती माझ्या दारात, हातात बॅग. "नेल, तुझी गाडी काढ. चढ चढवत न्हाई मला आता."

तीन मिनिटांचा रस्ता. मी गाडी सुरू केली तर म्हणाली, "थांब जरा." गिरणीचं फाटक कुलूपबंद होतं. त्याच्याकडं बघत तिनं सांगितलं.

"त्या दिवशी मी दोरीमागं व्हते. ती बट उठल्याली मला दिसली. माझा हात गेला, नेल. माझ्या डोक्याला, मागं, उजव्या बाजूला. असा. आरशात तिला मी दिसत व्हते. लहानपणापासनं मी आरशात जसं दाखवीन तसं ती करायची. तसंच केलं तिनं."

आम्ही बसभर बायका एथेलच्या हाताकडं बघत होतो. विनीकडं बघायला तिथं कुणी उरलंच नव्हतं.

"मग तिला कशापायी बोललीस?"

"तोंडातनं गेलं. आन् मग रोज वाटायचं, उद्या सांगू." तिनं बॅग मांडीवर घट्ट धरली. "चल आता. न्हाईतर उतरून जाईन."

दार क्लिफर्डनं उघडलं. विनी म्हणाली, "आमची एथेल कुठंय?" तो बाजूला झाला.

एथेल खिडकीपाशी होती. डोकं असं, की शेळीनं चरून टाकलंय. विनीनं दोन्ही हातांनी ते चाचपलं आणि म्हणाली, "क्लिफर्ड, तुला कुंपण छाटायला पण ठेवू नये कुणी." एथेलच्या तोंडाची एक बाजू किंचित हलली. मला वाटलं, आता बोलतील. पण विनीनं केस धुतले, सारखे कापले, रोलर लावले आणि पुढच्या सोमवारी येते म्हणून निघाली. दुसऱ्या सोमवारीही तेच. गाडीत मी तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "बघू नगंस माझ्याकडं. गाडी चालव."

तिसऱ्या सोमवारी तिनं दुकानातला मोठा आरसा नेला आणि टेबलावर उभा केला. केस विंचरून झाले, आणि मागं उजवीकडची ती बट उठली. केस पिकून पांढरे झाले होते, भोवरा तोच. विनीनं कंगवा खाली ठेवला आणि दोन पावलं मागं सरली. हात पाठीमागं घेतले. आरशातून एथेलकडं बघत म्हणाली, "त्या दिवशी मी हात केला व्हता. तू माझं बघून केलंस."

एथेलनं आरशातच तिच्याकडं बघितलं. मग एकेक शब्द ओढून काढावा तसं म्हणाली, "दिसलेला."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू... सांगशील... म्हणून."

एवढंच. मला तिथं उभं राहवेना. क्लिफर्ड चहाची किटली घेऊन दारातच थांबला होता.

"सांगितलं की आता," विनी म्हणाली.

एथेलनं डावं बोट खिडकीकडं केलं. खाली, उताराकडं. "त्यांना."

विनीचा चेहरा उतरला. बहिणीसमोर बोलणं वेगळं आणि गावासमोर वेगळं. तिला मान होता तो हातांचा आणि शब्दाचा. एकोणीस वर्षं अर्धं गाव तिच्या शब्दावर एथेलला रस्त्यात टाळत आलं होतं. तिनं बॅग भरली. बट तशीच उभी राहिली.

गुरुवारी दहाला मी गेले तेव्हा तीन बायका केस वाळवायच्या यंत्रांखाली ओळीनं बसल्या होत्या, मासिकं मांडीवर. त्या यंत्राखाली बसलं की कानाशी तोफ उडाली तरी कळत नाही. विनीला सांगून टाकायचं आणि न सांगितल्यासारखं करायचं असतं तर तीच वेळ होती. तिनं भिंतीपाशी जाऊन एकेक बटण बंद केलं. तिन्ही यंत्रं थांबली.

"बंद का केलंस गं?" फेदरबाई म्हणाल्या. "माझं मागचं ओलं हाय अजून."

"राहू दे ओलं. ऐका."

तिनं सांगितलं. गाडीत मला सांगितलं तसंच, हात डोक्याला लावून दाखवला. कुणी मासिक उलटलं नाही. शेवटी फेदरबाई म्हणाल्या, "म्हंजे एकोणीस वर्षं मी तिच्याशी उगाच बोलले न्हाई?"

"व्हय."

"माझ्या पोरीच्या लग्नाला बोलावलं न्हाई मी तिला, विनी."

"ठाऊक हाय मला."

फेदरबाई ओल्या डोक्यावर रुमाल बांधून उठल्या आणि चढाच्या दिशेनं चालू लागल्या. त्या पुन्हा विनीकडं आल्या नाहीत. त्यांची नऊची वेळ रिकामीच राहिली. विनीनं ती कुणाला दिली नाही.

सोमवारी आम्ही गेलो तेव्हा एथेलला कळलेलं होतं. ती रडली नाही, विनीचा हात धरला नाही, तसलं काही नाही. म्हणाली, "पाणी... गार." विनीनं गरम पाणी ओतलं. रोलर लावायला घेतले तेव्हा एथेलनं बोटानं हवेत एक वळण काढून दाखवलं. बाहेर. विनीनं जन्मात टोकं बाहेर वळवली नव्हती. त्या दिवशी वळवली, आणि वाईट वळवली. एथेल आरशात बघून म्हणाली, "शीक."

ऑक्टोबरपर्यंत असे तीसेक सोमवार मिळाले. मग दुसरा झटका आला, तो पहाटेचा. क्लिफर्ड विनीच्या दारात आला तेव्हा ती डावा जोडा उजव्या पायात घालूनच बाहेर पडली.

अंत्यविधीच्या आदल्या दिवशी विनीनं दुकान उघडं ठेवलं. एथेलच्या बायका आल्या. प्रत्येकीची टोकं तिनं बाहेर वळवली. मीही बसले तर मला विचारलं नाही, माझीही तशीच केली. फेदरबाई आल्या नाहीत. चॅपेलात त्या पुढं, क्लिफर्डच्या बाकावर बसल्या, त्यांची टोकं अजून आत होती.

विनी सगळ्यांच्या शेवटी आली. तिचे केस तिनं स्वतःच केले होते. डावीकडचे बाहेर वळले होते. उजवीकडं मागं हात पोचला नसावा, तिथले सरळच लोंबत होते. ती आमच्यापुढून चालत गेली आणि पेटीपाशी उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागं धरून.