काचेच्या पेटीतली पाल

"मेला नसंल. पळून गेला असंल," अण्णा बैठकीच्या खोलीत आत्याला सांगत होते.

विषय एका माशाचा होता.

मी दाराआड चहाचा ट्रे घेऊन उभी होते. आमच्या शुक्रवार पेठेतून मासा पळून जाणार तरी कुठं? रत्नागिरीची एसटी पकडणार?

"पळाला? तम्मा, त्याला पाय हायत व्हय?" आत्या म्हणाली. गौरव्वा आत्या अण्णांची थोरली बहीण, म्हणून अण्णा तिचे 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ. ती अक्कलकोटहून चार दिवसांसाठी आली होती आणि ते चार दिवस दिवाळीपासून चालू होते.

"उडी मारली असंल."

"मग फरशीवर घावला असता की! मी सांगते, लोकांची नजर लागली."

टक्!

आत्यानं जमिनीवर बोट आपटलं. "शिव शिव! हल्ली नुडीतू!"

(हल्ली नुडीतू म्हणजे कानडीत 'पाल बोलली'. आपण काही बोलावं आणि नेमकी पाल चुकचुकावी, म्हणजे बोलणं खरं. यावर आमच्या घरात अपील नव्हतं.)

अण्णांचं चादरींचं दुकान होतं आणि डोक्यात समुद्र होता. मुंबईला जाऊन मत्स्यालय पाहून आले आणि तेव्हापासून गोड्या पाण्यातले मासे त्यांना गावठी वाटू लागले. "ठेवायचे तर समुद्राचे!" दुष्काळ नुकताच सरला होता. गल्लीत अजून एकेका घागरीवरून भांडणं चालत, आणि आमच्या बैठकीत भलीमोठी काचेची पेटी काठोकाठ भरलेली, त्यातलं थेंबभर पाणी कुणाला पिता येत नाही! हे पाणी सलीमचाचांच्या ट्रकमधून आलं. ट्रक आमच्या चादरी घेऊन कोकणात जायचा आणि परतताना कॅनमध्ये समुद्र घेऊन यायचा. मासेही तसेच आले. शेवटच्या खेपेला चाचांनी एक शेवाळलेला, भोकाभोकांचा दगडही आणला. "सेठ, पूरा दर्या उठाके लाया मैं!" ते म्हणाले. ते शब्दशः खरं होतं, हे आम्हाला उशिरा कळलं.

आमचं घर कट्टर शाकाहारी. तेव्हा मासेही शाकाहारी. त्यांना कुस्करलेली ज्वारीची भाकरी आणि पालक मिळे, आणि ते बापडे खातही असत. येणाऱ्या-जाणाऱ्याला अण्णा अभिमानानं सांगत, "आपल्या घरात कुणी कुणाला खात नाही."

दगड आला आणि मासे कमी व्हायला लागले.

आता मी बी.एस्सी. झालेली होते. विषय प्राणिशास्त्र! हे मी अत्यंत हळू आवाजात सांगते आहे. पण आमच्या प्रयोगशाळेतले सगळे प्राणी फॉर्मालिनच्या बाटलीत शांत बसलेले असत. त्यांच्यातला एकही कधी 'टक्' म्हणाला नव्हता. शिवाय बोलायची माझी बोंब. कॉन्व्हेंटमध्ये बोलण्याआधी हात वर करायची शिस्त होती. घरी मी हात वर केला की आई त्या हातात पातेलं द्यायची.

मात्र बघण्यावर कुणाची बंदी नव्हती. मी बघत राहिले. बैठकीत पाल नव्हतीच! आवाज यायचा तो पेटीतून, त्या दगडाच्या मधल्या भोकातून. आणि तोही आत्या बोलली तरच. आत्याला हात नाचवल्याशिवाय बोलता येत नसे, आणि तिची बसायची जागा पेटीला लागून. तिच्या हिरव्या बांगड्या काचेशी किणकिणल्या की आत काहीतरी चिडून उत्तर द्यायचं. टक्! अण्णा समोरच्या खुर्चीतून बोलायचे, बिनबांगड्यांचे. त्यांच्या बोलण्याला पालीनं एकदाही दुजोरा दिला नाही.

"अण्णा, तो आवाज..." मी एकदा सुरुवात केली.

"व्हय, व्हय, पालीचा आवाज," आत्या म्हणाली. "जा, चहा आण."

मी गेले आणि चहा आणला.

इथवर ठीक होतं. मासे जात होते त्याचं वाईट वाटे, पण माझं स्वतःचं काही जात नव्हतं. मग पुण्याहून पत्र आलं. मला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता, वसतिगृहात खोलीसुद्धा! अण्णा खूश झाले. माझे पाय जमिनीवर ठरेनात. आठवड्याच्या आत होकार कळवायचा होता.

आत्यानं पदर सावरला आणि हात उचलला. मी पेटीकडं बघितलं.

"पुण्याला कशाला? अक्कलकोटचं स्थळ हाय की! तेलाची गिरणी, घरी म्हशी. पोरीचं सोनं हुईल."

टक्! टक्!

"दोनदा!" आत्या ओरडली. "तम्मा, ऐकलास? दोनदा नुडीतू!"

अण्णा सुधारक होते, पण एका पालीपर्यंत. दोन टकांपुढं ते डळमळले. "बघू या तरी," ते म्हणाले. "बघण्यात काय जातंय?" (पुणं जात होतं!)

त्या रविवारी मुलाचे मामा आले. धिप्पाड गृहस्थ, पांढरंशुभ्र धोतर, काळी टोपी. टोपी काढून त्यांनी बाजूला गादीवर ठेवली आणि पेटीकडं बघत बसले. पेटीत आता एकच मासा उरला होता, पिवळ्या पट्ट्यांचा. तो एका कोपऱ्यात, दगडाकडं पाठ न करता उभा असे. तेवढ्या घरात परिस्थितीची खरी कल्पना त्याला आणि मलाच होती.

"पोरगी बोलत न्हाय वाटतं?" मामांनी विचारलं.

"लई गरीब," आत्या हात नाचवत म्हणाली. "तोंडातनं शब्द न्हाय."

टक्!

मामा दचकले. आत्यानं पालीचा महिमा सांगितला. मामांनी दोन्ही हात जोडले. मग त्यांना गोडीच लागली.

"सैपाक?"

"समदा येतो." टक्!

(माझ्या भाकरीवर देशांच्या सीमा दिसत.)

"राग?"

"रागाचं नावच न्हाय." टक्! टक्!

मी चहाचा ट्रे घट्ट धरून उभी होते.

"मग आता काय बघायचं राहिलं?" मामा खूश होऊन म्हणाले. "पालीनंच ठरवलं! आषाढाच्या आधी उरकून टाकू."

"उरकूच की!" म्हणत आत्यानं आनंदानं दोन्ही हात काचेवर थापले. डझनभर बांगड्या एकदम वाजल्या.

आणि पाल बाहेर आली.

हिरवी, लाल, निळी! कोळंबीसारखी लांब, डोळे काड्यांवर बसवल्यासारखे, आणि ते दोन डोळे दोन दिशांना फिरत होते. पुढं दोन मुठी आवळलेल्या. (ते कोळंबीचं लांबचं, भांडखोर नातेवाईक होतं, हे मला पुढं कळलं. तेव्हा फक्त भांडखोर एवढंच दिसलं.) तिनं एक मूठ पिवळ्या माशाच्या दिशेनं फेकली. तो हुकवून पसार झाला. मूठ काचेवर बसली.

टाक्!

काचेवर एक बारीक रेघ उमटली. ती आमच्या डोळ्यांदेखत वाढत खाली गेली आणि समुद्राची एक चिळकांडी थेट मामांच्या धोतरावर आली.

"अयायो! पाल न्हवं, भूत हाय!" आत्या गादीवर चढली.

"भांडं आणा, भांडं!" अण्णा ओरडले.

"माझं एक पातेलं मिळायचं नाही!" आई स्वयंपाकघराच्या दारात हात पसरून उभी राहिली. "माशाला लावलेलं भांडं मी चुलीवर चढवू?"

"अगं, मासा मरतोय!"

आई क्षणभर थांबली. मग वळली आणि आतून भाकरीची काटवट घेऊन आली. लाकडी, लग्नात मिळालेली! "घ्या," ती म्हणाली, "आणि मला पुन्हा विचारू नका." पिवळा मासा काटवटीत पोहू लागला. त्याच्या चेहऱ्यावर मला तरी सुटका दिसली.

इकडं अण्णांनी शूरपणे दगडच उचलून बाहेर काढला आणि, कुठं ठेवावा न सुचून, गादीवर ठेवला. मामांच्या शेजारी. भोकातून ते हिरवं प्रकरण बाहेर आलं, चादरीवर उतरलं, मुठी वर करून मामांच्या मांडीकडं सरकू लागलं.

"धरा! धरा की कुणीतरी!" मामा भिंतीला चिकटून किंचाळले. "तुमच्या घरचं हाय न्हवं?"

अण्णांनी आत्याकडं बघितलं. आत्यानं आईकडं. आईनं काटवटीकडं. पिढ्यान्‌पिढ्या या घरात असल्या प्राण्याला कुणी शिवलं नव्हतं.

मला माझं नेमकं काय झालं ते अजून सांगता येत नाही. ट्रे मी खाली ठेवला की टाकला, तेही आठवत नाही. (बशा फुटल्या, त्या अर्थी टाकला.) मी मामांची काळी टोपी उचलली, त्या प्राण्यावर झाकली, चादरीसकट उलटी केली आणि टोपीचं तोंड मुठीत आवळून उभी राहिले. टोपी आतून हलत होती. पाणी माझ्या कोपरापर्यंत ओघळत होतं.

सगळे माझ्याकडं बघत होते. माझ्या आयुष्यात सगळे एकाच वेळी माझ्याकडं बघण्याची ही पहिलीच खेप!

मामा भानावर आले. उघड्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "ही गरीब?" मग थेट मलाच विचारलं, "काय गं पोरी, तुझं स्वतःचं काय म्हणणं हाय?"

हे मला कुणी विचारेल म्हणून मी कितीतरी दिवस मनात एक भाषण तयार ठेवलं होतं. सुंदर, संयमी. स्त्रीशिक्षण, विज्ञान, अण्णांचे उपकार, मोठ्यांचा मान, सगळं त्यात क्रमानं आलेलं. मी मान वर केली. श्वास घेतला. पहिला शब्द ओठांवर आला.

आणि टोपीतून माझ्या अंगठ्यावर असा काही ठोसा बसला की माझा आवाज गल्लीच्या टोकाला पिठाच्या गिरणीत ऐकू गेला.

"आई गं! मी पुण्याला जाते, पण आधी हे कुणीतरी धरा!"