सोमवारी चढलेली टेकडी

मला अक्षर येत नाही. मी बोलते, नात सई लिहिते. चुका सापडल्या तर तिच्या.

मंदीतला जानेवारी. आम्ही आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीत राहायचो. सून सीमा कामावर गेली आणि मुलगा अवि म्हणाला, "आई, चल, टेकडी चढू." सोमवारी? शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशीसुद्धा ज्याचा ऑफिसचा फोन सुटत नव्हता, तो?

"सुट्टी घेतलीय," म्हणाला. सईलाही सुट्टी होती. मी दशम्या बांधल्या.

सरहद्दीवरच्या सिलाच्या रस्त्याने पश्चिमेला दोन तास. वाटेत पंपावर करक, म्हणजे वेलची घालून उकळलेला दाट चहा घ्याच. एक दिरहम, म्हणजे तेरा रुपये. गाडी भाड्याची, छोटी. "आपली सर्व्हिसिंगला दिलीय," अवि म्हणाला. मी विचारलं नव्हतं.

डांबर संपलं की सबखा: वर मिठाचा पापड, खाली काळा चिखल. पावसानंतर जाऊ नका, आम्ही गेलो. टायरच्या जुन्या खुणांवरूनच चालायचं. मी जरा बाजूला सरले आणि पाय घोट्यापर्यंत आत.

"आजी, डोन्ट मूव्ह!"

"मी कुठे जाते? बूट जातोय."

अविने हात घालून बूट उपसला. बाही चिखलाने भरली, तरी ओरडला नाही. माझा संशय वाढला.

टेकडी जेमतेम तीन मजली, माथा सपाट. वर वारा, खाली चहूकडे पांढरं. चमचा शोधायला मी अविच्या सॅकच्या आतल्या कप्प्यात हात घातला. हाताला फ्रेम लागली. सईच्या बारशातली मी, नऊवारीत. हा फोटो त्याच्या ऑफिसच्या टेबलावर असायचा.

"अवि, मी पाच वर्षं त्या टेबलावर होते. मलाही काढलं का रे?"

त्याने फ्रेम माझ्या हातून घेतली. "गेल्या सोमवारी. कंपनीची गाडीही परत घेतली. सीमाला सांगितलं नाही."

"मग डबा घेऊन रोज जातोस कुठे?"

"कॉर्निशवर, समुद्राकाठी बसतो."

सई हळूच म्हणाली, "बाबा, टेल मॉम."

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "पण तू सांगेपर्यंत जेवणार नाही. आणि मला भूक लागलीय."

परतीला गाडी जोरात आली. स्वयंपाकघरात त्याने सांगितलं. सीमाने गॅस बंद केला. "तरीच," म्हणाली, "आठवडाभर डबा रिकामा येतोय. एरवी कामात अर्धा तसाच परत यायचा." मग तिनेच मला ताट वाढलं.

महिन्याच्या आत आम्ही नाशिकला आलो. बुटाच्या शिवणीतलं मीठ अजून निघत नाही. टेकडी जाण्यासारखी आहे. फक्त घरचा माणूस सोमवारी न्यायला निघाला, तर दशम्या बांधण्याआधी त्याची सॅक बघा.