बुर्माकानच्या तोंडचं नाव

बुर्माकानची जीभ म्हणजे वस्तरा. नारीनच्या बाजारातला कसाईसुद्धा तिच्याशी घासाघीस करायला कचरतो. पण सगळा संसार झाला तरी नवऱ्याचं नाव त्या जिभेवर एकदाही आलं नव्हतं. आमच्यात बायको नवऱ्याचं घेत नाही, सून सासऱ्याचं घेत नाही. म्हाताऱ्याचं नाव शुमकार, म्हणजे ससाणा. माणूस मात्र कोंबडीच्या वळणाचा. ऊन सरकेल तसा अंगणात सरकणार.

तिची सून मेरिम. लग्न झाल्यापासून चूल आणि गोठा यापलीकडे न गेलेली. गावच्या वाचनालयात मदतनिसाची जागा निघाली तेव्हा पोरीने ती फार मनावर घेतली. अट अशी, की सगळ्या मुली सध्या जिच्यावर तुटून पडल्यात त्या प्रेमाच्या, जादूच्या कादंबरीत काय जमलंय नि काय फसलंय, ते चारचौघांत सांगायचं. त्या कादंबरीतला राजपुत्र ससाणा होऊन आभाळात उडतो, आणि त्याचंही नाव शुमकार!

आम्ही शेजारणी बुर्माकानच्या अंगणात लोकरीच्या नमद्याचा गालिचा शिवत बसलेल्या, मेरिम सरावासाठी वाचतेय. “मग... घरातल्या थोरल्यांनी... पंख पसरून तिला मिठीत घेतलं.”

हसण्याच्या नादात मी सुई बोटात खुपसून घेतली. “अगं, थोरल्यांचे गुडघे वाकत नाहीत, पंख कुठले पसरतायत!”

“तू गप गं, चोंबडे,” बुर्माकान म्हणाली. “वाच गं पोरी.”

राजपुत्र मुलीला उचलून डोंगरावरच्या किल्ल्यात नेतो. ती दोन पानं रडते आणि तिसऱ्यावर प्रेमात पडते. बुर्माकानचा दोरा तिथे थांबला.

“साफ खोटं. मलाही असंच घोड्यावर टाकून आणलं होतं. राग उतरायच्या आत दोन पोरं झाली. आणि हा मेला राजपुत्र तीनशे वर्षांचा ना? एवढ्या वर्षांत माफी मागायला नाही शिकला?”

“मग चांगलं काहीच नाही का, आई?”

“आहे की. ती किल्ल्यात पहिल्यांदा चहा करते, आणि कुठला पियाला कुणाचा ते तिला कळत नाही. ते परत वाच.”

मेरिमने वाचलं. मग पुस्तक मिटून तीही सुई घेऊन सासूशेजारी बसली.

मुलाखतीच्या दिवशी वाचनालय भरलं होतं. पुस्तकांच्या धुळीने शिंका येतात म्हणून म्हातारा दाराबाहेर बसला. मेरिम छान बोलली. “पंखांची जादू मला खरी वाटली नाही. त्या मुलीचं परक्या घरातलं एकटेपण खरं वाटलं. पण लिहिणारीला घाई झाली. राग जायला वेळ लागतो, तो तिने दिलाच नाही. म्हणून शेवटचं प्रेम उसनं वाटतं.”

मुलाखत घ्यायला राजधानीहून आलेल्या बाईंनी चष्मा वर केला. “मघापासून ‘तो पक्षीराज, तो उडणारा’ चाललंय. पुस्तक वाचलंय ना? नाव काय त्याचं?”

मेरिमचे ओठ हलले, आवाज फुटेना. बाईंची पेन्सिल कागदावर टेकली. आता नोकरी गेलीच. मी उठून खुलासा करणार, तोच शेजारून बुर्माकान उठली.

“शुमकार!” डोंगरावरच्या शेळ्यांना हाक मारावी तशी. “पोरीला ठाऊक आहे, बाई. सुनेने ते घ्यायचं नसतं, एवढंच.”

दारातून म्हातारा धडपडत आत. टोपी हातात, तोंड पांढरं. “काय गं? काय झालं?”

सगळं वाचनालय हसलं, बाईसुद्धा. तो एकटा हसला नाही. तिच्याकडे बघतच राहिला.

“काही नाही झालं. जा, उन्हात बसा,” बुर्माकान म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. मी पाहिले ना!

नोकरी मेरिमला लागली. त्या कादंबरीला हात घालणाऱ्या पोरींना ती बजावते, “पंखांची पानं चाळलीत तरी चालेल, चहाचं पान नीट वाचा.”

म्हाताऱ्याचं मात्र बिनसलं. हल्ली ‘अहो’ म्हटलेलं त्याला ऐकूच येत नाही. गुडघ्यांचं दुखणं होतंच, आता कानांचं सोंग.