एकोणीस चुका

आमची धाकटी विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकत होती. वर्गात कानात प्राण आणून ऐकायची आणि घरी आल्यावर ताटावर बसल्या बसल्या अख्खं व्याख्यान आईला ऐकवायची. आईला त्यातलं ओ की ठो कळत नसे, तरी ती हुंकार द्यायची. कुठलाही दगड हातात द्या, पोर त्याच्या सात पिढ्या सांगायची. पेपरात मात्र अक्षरं उलटीसुलटी व्हायची आणि बाईसाहेब नापास.

मी छापखान्यात मुद्रितशोधक. चाळीस वर्षं लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ काढले. "आमच्याकडे दिव्याखाली अंधार!" असं मी चारचौघांत हसून सांगायचो, ती समोर असतानाही. जिभेला हाड नव्हतं माझ्या.

तिसऱ्या वर्षी परीक्षा जवळ आली तशी ती जेवेनाशी झाली. सकाळी उलट्या, दुपारी दार लावून पडून राहायचं. विद्यापीठाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, उलट्या परीक्षेच्या धास्तीनं होतात आणि अक्षरं उलटतात तो डिस्लेक्सिया, आळस नव्हे. शुक्रवारपर्यंत अर्ज दिला तर प्रत्येक पेपरला अर्धा तास जास्त मिळणार होता.

दोन दिवस खपून तिनं अर्ज लिहिला आणि बुधवारी माझ्यापुढे ठेवला.

"बाबा, जरा बघता का?"

मी लाल पेन काढलं. मजकुरात गुंतलं की चूक निसटते, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. पानभर अर्जात एकोणीस चुका निघाल्या. 'मदत'च्या जागी 'दमत', तेही तीनदा!

"अगं, पहिलीतलं पोरही 'मदत' नीट लिहितं. परत लिही बघू सगळं."

"हो," म्हणाली आणि कागद उचलून आत गेली.

परीक्षेला ती बसलीच नाही. अर्जाचं विचारलं तर "राहून गेलं" म्हणाली. मी चिडलो, बोलू नये ते बोललो. पुढच्या महिन्यात तिनं विद्यापीठ सोडलं. हल्ली ती घरातच असते आणि ताटावर कुणाशी बोलत नाही.

काल तिच्या वह्या आवरताना तो अर्ज हाती लागला. या वेळी मी तो नुसता वाचला. खालून दुसरी ओळ होती, 'हल्ली सकाळी उठूच नये असं वाटतं, घरी कुणाला सांगता येत नाही.'

त्या ओळीतल्या दोन वेलांट्या मी दीर्घ केल्या होत्या.