फिकट होत गेलेली सही

सांख्यिकी कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर एक कुजबुज बरीच वर्षं फिरत होती: तांब्याच्या जिल्ह्याचं मासिक पत्रक मेलेला माणूस भरतो, आणि तक्तेबाईला ते पक्कं ठाऊक आहे.

तक्तेबाई हे अर्थात टोपणनाव. संघराज्याच्या एकवीस राज्यांचे तक्ते पाच जणांत वाटलेले. कुणाकडे बंदरांचं राज्य, कुणाकडे साखरेचं. प्रत्येकाचा तोरा असा, की ते राज्य म्हणजे जणू माहेरच! तक्तेबाईकडे खाणींचं राज्य होतं. कुठल्या जिल्ह्यात काय निघालं, किती हात कामाला होते, हे ती नीट उतरवून घ्यायची.

"काय बाई, या महिन्यात किती खड्डे पिकले?" शेजारचा बंदरवाला डिवचायचा.

"तुमची जहाजं पुरायला पुरतील एवढे."

तांब्याची खाण अकरा वर्षांपूर्वी बंद पडली. जिल्हा मात्र कागदावर उभा होता, कारण दरमहा पत्रक येत होतं: उत्पादन शून्य, वाहतूक शून्य, हजर कामगार एक. हा एक म्हणजे पंपघराचा राखणदार, तक्तेबाईचा सख्खा थोरला भाऊ. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. खाण बंद पडली तेव्हा तो गाव सोडायला तयार होईना. "मग तू मला मेलास," असं बसच्या दारातून ओरडून ती निघून आली होती. पत्ता दिला नाही, खुशाली विचारली नाही. पण लिफाफा आला की आधी ती तो 'एक' शोधायची आणि मगच चहाला जायची.

एका दुपारी बंदरवाल्यानं वर्षभराची पत्रकं टेबलावर ओळीनं मांडली.

"बाई, ही सही बघा."

जानेवारीची सही ठसठशीत. मेमधली जरा विरळ. पुढे दर महिन्याला आणखी फिकी. डिसेंबरचं पत्रक खिडकीपाशी तिरकं धरलं तेव्हा कुठे तो 'एक' दिसला, काचेवर बोट फिरवल्यासारखा.

"माणूस विरत चाललाय हो," बंदरवाला म्हणाला. हसायला म्हणून सुरुवात केली होती त्यानं. पण ते हसू तोंडातच राहिलं.

साहेबांनी मान हलवली. "वाचता येत नाही ते पत्रक आलं असं धरता येत नाही. तीन महिने असंच चाललं, तर जिल्हा शेजारच्यात विलीन."

तक्तेबाईनं रजा टाकली आणि बस पकडली.

भरदुपारी गावात पानही हलत नव्हतं. कामगारांचे बिल्ले टांगायच्या हजेरीच्या फळीवर शेकडो रिकामे खिळे होते. पंपघराचं दार उघडं. आत खुर्ची, खुर्चीखाली बूट, आणि फरशी लख्ख झाडून पुसलेली, ओल अजून वाळलेली नव्हती.

"दादा?" तिनं हाक मारली. यंत्राच्या पोकळीतून तिचाच आवाज उशिरानं परत आला.

"कोण पाहिजे?" दारात झाडू घेतलेली बाई उभी होती, गावची पोस्टमास्तरीण.

"माझा भाऊ. पंपवाला."

"अगं बाई! त्यांना बहीण होती?" ती खालीच बसली. "आम्ही कळवणार तरी कुणाला? कधी अवाक्षर काढलं नाही त्यांनी."

तक्तेबाईनं खुर्चीची पाठ धरली. विचारलं, "मग पत्रकं? ती तर माझ्याच टेबलावर येतात."

"मीच पाठवते. पत्रक थांबलं की जिल्हा गेला, जिल्हा गेला की माझं टपालघर. अकरा घरं आहेत अजून, सगळी म्हातारी माणसं. तुमच्या साहेबांना हे सांगाल?"

"सांगावं लागेल, ताई. तो हजर नाही."

बस येईपर्यंत ती त्या खुर्चीत बसून राहिली. जिल्हा त्याच वर्षी विलीन झाला.

पंपवाला तीन वर्षांपूर्वी न्यूमोनियानं गेला होता. आकडे बदलणार नाहीतच म्हणून त्या आळशी माणसानं एका बैठकीत अख्खं पत्रकांचं पॅड भरून ठेवलं होतं. शेवटाकडे पेनातली शाई संपत आली होती. पोस्टमास्तरीण दर महिन्याला वरचं पान फाडून, तारखेचा शिक्का मारून, टपालात टाकत होती.