सूर्यमाळचा भरलेला हंडा

भूतबित मी मानत नाही, आधीच सांगते. माझा संशय कायम जिवंत माणसांवर! मी फिजिओथेरपिस्ट. आयसीयूतून घरी गेलेल्या पेशंटना काय जमतं, काय नाही, हे जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर जाऊन मोजते.

मागच्या उन्हाळ्यात सूर्यमाळच्या एका पाड्यावर जनीबाईकडे जात होते. व्हेंटिलेटरवरून वाचलेली बाई, पण हातापायांत त्राण नाही. पकड मोजायचं यंत्र तिने दाबलं की काटा जेमतेम थरथरायचा. तरी तिचा मुलगा काशिनाथ म्हणे, "आई बरी झाली, ताई. पानी तीच भरते. तुम्ही तसं लिवून द्या, मग पाड्यावरची मानसं मना भिवंडीला जायला नाय अडवनार."

पाणी? विहीर पार उताराखाली! म्हटलं, लबाड आहे हा. आईला एकटी टाकून कामाला पळायचंय, म्हणून स्वतःच हंडा भरून ठेवतो. असा संताप आला...

पुढच्या भेटीत भर दुपारी मी हंडा पिंपात रिकामा केला, पालथा घातला. काशिनाथला दाराबाहेर, माझ्या नजरेसमोर बसवलं. मग जनीबाईला काखेत धरून उभं केलं. दोन पावलं टाकली... आणि गुडघे दुमडले. नाटक नव्हतं ते, सगळा भार माझ्यावर आला. तिला गोधडीवर टेकवलं, वळले — हंडा सुलटा. काठोकाठ भरलेला! शेजारी डोक्यावरची चुंबळ, ओलीचिंब. आणि जनीबाईच्या भांगातून पाणी ओघळत होतं.

"बघा! मी सांगत नव्हतो?" काशिनाथ दाराबाहेर बसल्या जागेवरूनच हसला. अहो, चक्क हसला!

फॉर्ममध्ये प्रश्न असतो — पाणी भरता येतं का? पेन टेकवणार, तोच जनीबाईने माझं मनगट धरलं. "नको लिवू, बाय... तो जाईल." तिच्या मुठीत माझी काचेची बांगडी फुटली. मी लगेच यंत्र तिच्या हातात दिलं. काटा हललासुद्धा नाही.

मी 'नाही' लिहिलं. काशिनाथ राहिला. आता पाणी तोच भरतो. हंडा पुन्हा कधी आपोआप भरला नाही, असं सांगतो.

या सगळ्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. मी लिहिलं ते खरं की खोटं, तेही कळत नाही. मनगटावर बारीक वण आहे. जनीबाई अजून प्रेमाने हात पुढे करते... मी यंत्र पुढे करते, माझा हात नाही.